श्वित्सकरांकडची सोयरीक

जर्मनीत आमच्या आडनावाची माणसं दोन होती. एक मी आणि दुसरी माझी मुलगी. हे मी हवेत सांगत नाही. इथे आडनाव टाकलं की ते देशात कुठे दाट आणि कुठे विरळ आहे हे नकाशावर रंगवून दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत, टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्यांवरून बनवलेल्या. मुलीने एकदा जेवता जेवता आमचं आडनाव टाकून पाहिलं. उत्तरेच्या समुद्रापासून आल्प्सपर्यंत सगळा देश पांढराफटक. आम्ही राहतो त्या वाल्डॉर्फवर साधा ठिपकासुद्धा नाही, कारण आम्ही डिरेक्टरीत नाव कधी दिलंच नव्हतं.

"आई, आपण नाहीच आहोत," ती म्हणाली आणि वरणभाताचा घास तोंडात टाकला.

"नाही कशा? हा सिंकमधे भांड्यांचा ढीग पडलाय, तो कुणाचा?" मी म्हणाले.

पूर्वी आम्ही तिघं होतो. नवरा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याहून वाल्डॉर्फला आला, मागोमाग मी आले, कडेवर मुलगी. ती प्राथमिक शाळेत असतानाच तो गेला. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, परत ये. मी हट्टी. कुणी ये म्हटलं की माझे पाय जागच्या जागी रुजतात. मी जर्मन शिकले, टेस्टिंगची नोकरी धरली आणि दाराशी बेलवर जी पाटी होती तीच ठेवली. इथे फ्लॅटला नंबर नसतो. बेलच्या पाटीवरचं आडनाव हाच पत्ता. ते नसेल तर पोस्टमनच्या लेखी तुम्ही जगात नाही.

खरं पाहिलं तर हे आडनावही माझं नव्हेच. सासरचं. कोकणातल्या एका गावावरून आलेलं, शेवटी 'कर' असलेलं, मध्ये ठसठशीत 'ळ'. लग्नात मिळालं तेव्हा मला हवं का असं कुणी विचारलं नव्हतं. पण नवऱ्यामागे ते मी एकटीने चालवलं. डॉक्टरकडे, शाळेत, बँकेत, दर फोनवर अक्षरन् अक्षर फोडून सांगितलं. के कोलनचा, आ आखनचा, एर रोस्टॉकचा. पलीकडचा माणूस तरी दर वेळी काहीतरी गाळायचाच. इतकं राबवून घेतलेली वस्तू आपली होते. आता ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि मला भांडता येतं.

मुलगी कार्ल्सरूहेला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि एक दिवस फोनवर म्हणाली की तिला एक मुलगा आवडतो. आईच्या तोंडात दुसरा प्रश्न येणार कुठून! मी विचारलं, "आडनाव काय?"

"ममा! तू नाव पण नाही विचारलंस."

"नाव नंतर सांग. आडनाव?"

"श्वाइत्सर."

"म्हणजे स्वित्झर्लंडचा?"

"नाइन, नाही गं, इथलाच. क्राइखगाऊमधला. तुझ्याकडून गाडीने अर्धा तास."

श्वाइत्सर म्हणजे स्विस माणूस, इतपत जर्मन मला येतं. तरी मनातल्या मनात मी त्याचं मराठी करून टाकलं. मुलगा कोण? तर श्वित्सकरांचा. लगेच जरा घरातला वाटायला लागला.

मुलगा खरंच गुणी निघाला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा बूट दाराबाहेर काढले, थालीपीठ हाताने खाल्लं, आणि 'आई' हा एकच मराठी शब्द इतक्या वेळा वापरला की मलाच लाजल्यासारखं झालं. लग्न ठरलं. तारीख ठरली. आणि मग तो आडनावाचा प्रश्न आला.

इथे लग्न नोंदवताना नवराबायकोने ठरवायचं असतं, कुटुंबाचं आडनाव कोणतं. त्याचं घ्या, तिचं घ्या, नाहीतर ज्याचं त्याच्याकडे ठेवा. हल्लीच्या नव्या कायद्याने दोघांना मिळून जोडआडनावही घेता येतं. पण श्वाइत्सर आणि आमचं आडनाव जोडलं तर मालगाडी झाली असती. शिवाय दोघांनाही स्वतःचं आणि पुढे मुलांचं मिळून एकच, सुटसुटीत नाव हवं होतं. मुलगा म्हणाला, "मी तुझं घेतो. मला चालेल." केकच्या दुकानात बोट दाखवून हा द्या म्हणावं, तितक्या सहज म्हणाला. पण त्याने हे घरी सांगितलं आणि त्याचे वडील जेवणावरून उठून गेले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते उठून गेले. शांत माणूस उठून गेला की आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

पुढच्या रविवारी मुलगी माझ्याकडे आली. मी आमटीला फोडणी देत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, मीच श्वाइत्सर होते. इस्ट आइनफाखर, तेच सोपं. त्याच्या बाबांना त्रास होतोय, आणि मला लग्नाची सुरुवात अशी नकोय."

"तुझी मर्जी," मी म्हणाले.

आमटीत मीठ दोनदा पडलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याचा रागही आला, कारण मी स्वतः लग्नात निमूट नाव बदललेली बाई. आता कोणत्या तोंडाने मुलीला थांबवणार? ती श्वाइत्सर झाली की या देशात आमच्या नावाची मी एकटी उरणार होते. मी गेले की संपलं. इतकी वर्षं इथे राहिलो, जगलो, एकाला इथल्याच मातीत ठेवलं, आणि नकाशा होता तसा पांढराफटक.

पुण्याला नणंदेला फोन केला, म्हटलं तिच्या माहेरचं नाव आहे, तिला तरी काही वाटेल. तिला काही वाटलं नाही. "अगं वहिनी, मुलगी परक्याचं धन. सासरचं नाव लावायचंच असतं. तू कशाला मध्ये पडतेस?"

"मी कुठे पडतेय?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. पडायची माझी तयारी मात्र झाली होती.

मे महिन्यात व्याह्यांनी श्पार्गेल खायला बोलावलं. आमच्या या भागात वसंतात पांढऱ्या शतावरीचं, म्हणजे श्पार्गेलचं, लोकांना वेड लागतं. शेताशेतातून माती चढवलेले वाफे, रस्त्याच्या कडेला विकायला टपऱ्या, आणि कुणाकडेही जा, ताटात तेच. मी नारळाच्या करंज्या केल्या, पैठणी नेसले आणि मुलीच्या गाडीत बसले. वाटेत तिने मला बजावलं, "आई, नावाचा विषय नाही काढायचा. बिट्टे."

"नाही काढत," मी म्हणाले. आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं, देवाशपथ.

व्याही हीटिंगची कामं करायचे. आयुष्यभर गावोगावच्या तळघरांत वाकून बॉयलर बसवलेला माणूस, खांदे रुंद, बोलणं मोजकं. निवृत्त झाले तरी अंगणात त्यांची जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत श्वाइत्सर लिहिलेलं होतं. विहीणबाई हसऱ्या, सारख्या एप्रनला हात पुसणाऱ्या. मुलगा एकुलता एक. त्याला व्हॅन नको होती, कॉम्प्युटर हवा होता, हे त्यांनी सोसलं होतं. आता नावही नको म्हणतोय, हे सोसवत नव्हतं. व्हॅनकडे बघितलं आणि मला त्यांची बाजू कळली. कळली म्हणून पटली असं मात्र नाही.

जेवण व्हायला वेळ होता. व्याही म्हणाले, "या, तुम्हाला काहीतरी दाखवतो," आणि मला तळघरात घेऊन गेले. मुलगी जिन्यावरून डोळे वटारून बघत होती. खाली एका भिंतीवर भलामोठा नकाशा लावलेला. श्वाइत्सर आडनावाचा. नैर्ऋत्येकडचा हा आमचा कोपरा गडद, नुसता शाई सांडल्यासारखा. म्युनिककडे जाता जाता रंग फिका, आणि वर उत्तरेला तुरळक शिंतोडे. हा त्यांचा छंद. दर थोड्या वर्षांनी या आडनावाचे लोक कुठेतरी जमतात, बिअर पितात, एकमेकांचं नातं लागतं का ते तपासतात. बहुतेकांचं लागत नाही. तरी जमतात.

"आल्झो," ते म्हणाले, "म्हणजे असं, इथे पूर्वी तीस वर्षं चाललेलं एक मोठं युद्ध झालं. गावंच्या गावं ओस पडली. शेतं होती, कसायला माणूस नव्हता. मग स्वित्झर्लंडमधून लोक आले. आमचा पहिला माणूस त्यांतलाच."

"म्हणजे परदेशातून कामासाठी आलेला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "हो. तसंच."

मग त्यांनीच सांगितलं की काही चुलतभाऊ वेगळंच म्हणतात. जुन्या जर्मनमध्ये श्वाइत्सर म्हणजे गोठ्यात गाईंचं दूध काढणारा गडी. स्विस लोक या कामात हुशार, म्हणून कामालाच ते नाव पडलं. तेव्हा आपण कुठले स्वित्झर्लंडचे, आपण दूध काढणारे, असं ते भाऊ बिअर चढली की मोठमोठ्याने म्हणतात. हे सांगताना व्याह्यांचा चेहरा कडवट झाला होता.

"मग काय बिघडलं?" मी म्हणाले. "आमचा तर देवच गवळ्याच्या घरी वाढला. लोणी चोरायचा."

ते हसले. त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि हसताना अगदी माझ्या जावयासारखे दिसले. मग त्यांनी विचारलं, तुमच्या नावाचा अर्थ काय. त्यांनीच विचारलं. मी विषय काढला नाही, याला तो नकाशा साक्षी आहे.

मी सांगितलं की आमच्याकडे गावाच्या नावापुढे 'कर' लावतात. तुम्ही लोक 'एर' लावता तसंच. श्वित्सचा तो श्वाइत्सर, आमच्याकडे झाला असता श्वित्सकर. त्यांना ते एवढं आवडलं की दोनदा म्हणून पाहिलं. "श्वित्सकर. श्वित्सकर. गेनाऊ! अगदी बरोबर!" मग मी त्यांना आमच्या गावाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर एकदा नवरा आणि मी हौसेने त्या गावी गेलो होतो. ज्या गावाचं नाव पिढ्यानपिढ्या लावतो ते एकदा डोळ्यांनी तरी बघावं म्हणून. एसटीतून उतरून चहाच्या टपरीवर विचारलं, इथे आमच्या आडनावाचं कुणी राहतं का? टपरीवरची चार माणसं हसायलाच लागली. "अहो, इथं सगळेच इथले. मग 'कर' कोण लावणार? जो गाव सोडून गेला तो 'कर' झाला."

व्याही म्हणाले, "स्वित्झर्लंडमध्येही श्वाइत्सर आहेत. पण तेही बहुतेक श्वित्स नावाच्या त्या एका छोट्या प्रांतातून बाहेर पडलेले."

"बघा. म्हणजे नाव गावाचं, पण ते मिळतं गावाबाहेर."

"आणि आमच्या त्या पहिल्या माणसाला इथल्या लोकांनी नुसतं 'तो स्विस' म्हटलं. तेच चिकटलं."

"त्याआधी त्याचं आडनाव काय होतं?" मी सहज विचारलं.

ते नकाशाकडे बघत राहिले. "माहीत नाही. मी तीनदा तिकडे जाऊन शोधलं. दरवर्षी वाटतं, या वर्षी सापडेल. आता मीही म्हातारा झालो. ते नाव गेलं ते गेलंच."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला आधी त्यांची दया आली. नंतर, जिना चढता चढता, माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. वर पोचेपर्यंत माझे कान गरम झाले होते.

जेवायला बसलो. ताटात श्पार्गेल, बटाटे, वर पिवळा लोण्याचा सॉस. सगळे हवापाण्याचं बोलत होते. मी दोन घास खाल्ले. तिसरा ताटातच ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जुना दोष आहे, पण त्या दिवशी मी जीभ विचार करून उचलली.

"मला एक बोलायचंय," मी म्हणाले. टेबलाखाली मुलीने माझ्या मांडीला चिमटा काढला. पैठणी जाड असते, ते बरं.

"तुमचा तो पहिला माणूस इथे आला तेव्हा त्याला नाव होतंच ना? आईबापांनी दिलेलं, त्याच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ असलेलं. इथल्या लोकांना ते म्हणता आलं नाही, किंवा म्हणायचा कंटाळा आला. 'तो स्विस' म्हणून मोकळे झाले. आणि त्याने मान हलवली असणार. नव्या गावात कशाला वाकडं घ्या, चालेल म्हणाला असणार. आणि आज तुम्ही ते नाव शोधत देशोदेशी फिरताय."

माझं जर्मन चिडल्यावर जास्त शुद्ध होतं, ते मला तेव्हा कळलं.

"माझी मुलगीही आता तेच म्हणतेय. चालेल. सोपं आहे. उद्या तिची मुलं होतील, त्यांची मुलं होतील. त्यांतलं एखादं तुमच्यासारखं निघेल, नाद लागलेलं. ते विचारेल, ती पहिली बाई कुठली होती? तिचं नाव काय होतं? आणि कुणीतरी सांगेल, कोण जाणे, होती कुठलीशी इंडियाची. व्याही, तुमचा नकाशा मी आत्ता बघून आले. श्वाइत्सरांना तिथे जागा पुरत नाही. आमच्या नावाच्या आम्ही दोघीच. त्यातली एक तुम्हाला दिली की एक उरते, आणि ती पन्नाशी उलटून बसलीये."

"ममा," मुलगी पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. जावई ताटाकडे बघत होता. व्याह्यांच्या हातातला काटा होता तिथेच राहिला होता.

बोलल्या त्या विहीणबाई. एप्रन मांडीवर नीट करत, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझंही दुसरं आडनाव होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

व्याह्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू बायको टेबलाच्या त्या बाजूला आजच येऊन बसलीय. मग काटा ठेवला, खुर्ची मागे सारली आणि बाहेर गेले. पुन्हा उठून गेले. मला वाटलं, झालं, मोडलं मी पोरीचं लग्न. खिडकीतून दिसत होतं, ते व्हॅनपाशी उभे होते. दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. श्पार्गेल थंड होऊन त्यावरचा सॉस थिजायला लागला. मुलीने माझा हात धरला होता. तो रागाने धरलाय की प्रेमाने, मला सांगता येईना, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

ते परत आले. बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघत म्हणाले, "ते कसं म्हणायचं?"

"काय?"

"तुमचं नाव. मुलाचं नाव मला नीट म्हणता यायला नको का?"

मला आधी समजलंच नाही. जावयाला समजलं. तो उठला आणि वडिलांच्या गळ्यात पडला, आणि हे लोक असे सहजासहजी गळ्यात पडत नाहीत. मी आडनाव सावकाश म्हणून दाखवलं. 'ळ'पाशी व्याह्यांची जीभ अडखळली. मी म्हटलं, जीभ मागे वळवा, टाळूला लावा, आता सोडा. त्यांनी डोळे मिटून, बॉयलरचा घट्ट नट फिरवताना करत असतील तसा चेहरा करून तो 'ळ' काढला. पहिल्यांदा 'ल' आला, मग 'र' आला. विहीणबाईंनी मधेच एका फटक्यात बरोबर काढला आणि सगळे ओरडले. मग थंड श्पार्गेलच्या ताटांभोवती आम्ही पाचही माणसं 'ळ' 'ळ' करत बसलो होतो. शेजारी ऐकत असतील तर त्यांना वाटलं असेल, श्वाइत्सरांकडे कुणाच्या तरी घशात काहीतरी अडकलंय.

परत येताना मुलगी गाडी चालवत होती. मोटारवेला लागल्यावर म्हणाली, "आई, तू इतकी पाइनलिश आहेस ना!" म्हणजे लाज आणणारी.

"आहे," मी म्हणाले.

"डांके," ती म्हणाली. आणि मग एकही जर्मन शब्द न मिसळता, जे ती क्वचितच करते, म्हणाली, "मला ते सोडायचं नव्हतं गं."

मी जिंकले होते. मला ते आडवळणाने सांगायचं नाही. खिडकी खाली केली, केस उडाले तर उडू दिले, आणि घर येईपर्यंत मोठमोठ्याने गात राहिले. मला गाता येत नाही. मुलीने एकदाही थांब म्हटलं नाही.

नणंदेला कळवलं. तिकडून प्रश्न आला, "म्हणजे जावई आपलं नाव लावणार? घरजावई झाला की काय?"

"नाही गं, कार्ल्सरूहेतच राहणार. नाव फक्त घेतलंय."

"अगं बाई!" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, हळूच, "वहिनी, दादा असता तर पेढे वाटले असते ना त्याने?" मी हो म्हटलं. तिनेच मग त्या संध्याकाळी पुण्यात वाटले, आख्ख्या सोसायटीत.

लग्न श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नोंदणी कचेरीत झालं. पंधरावीस माणसं, फुलं, खिडकीतून ऊन. नोंदणीच्या बाईंनी दोघांचं नवं आडनाव वाचलं, अडखळत का होईना पण पूर्ण वाचलं, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या मीच वाजवल्या. एका वाक्यात आम्ही दोनाचे तीन झालो. इतक्या झपाट्याने कुठलं आडनाव वाढलं असेल, मला माहीत नाही.

तिथून सगळे माझ्या घरी आले. मी सत्यनारायण वगैरे घातला नव्हता, पण एक गोष्ट मला हवी होती. चौरंगावर चांदीचं ताट ठेवलं, त्यात तांदूळ पसरले. माझ्या लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळात माझं नवं नाव लिहिलं होतं. आडनाव तर बदललंच, त्याने आवडीचं म्हणून पहिलं नावही बदललं होतं. मी ते बाजूला बसून उलटं वाचलं होतं. आज अंगठी मी मुलीच्या हातात दिली. म्हटलं, तू लिही, त्याचं नाव.

ती चौरंगापाशी मांडी घालून बसली, शेजारी तो. सगळे वाकून बघत होते. पाहुण्यांना वाचता यावं म्हणून तिने रोमन अक्षरं काढली. आधी त्याचं नाव लिहिलं. मग हात थांबला. तळव्याने तांदूळ थोडे सरकवले, मध्ये जागा केली, आणि तिथे दुसरं एक नाव लिहिलं. शेवटी आमचं आडनाव. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिला ते माहीत आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, ताटावर वाकले. बराच वेळ वाचत राहिले. मग मधल्या नावाकडे बोट केलं. बोट तांदळापासून वीतभर वरच थांबलं.

"हे तर माझं नाव," ते म्हणाले. "माझं नाव इथे काय करतंय?"

"आमच्यात असंच असतं, बाबा," मुलगी म्हणाली. त्यांना ती बाबा पहिल्यांदाच म्हणाली. "मुलाच्या नावापुढे वडिलांचं लागतंच. आडनाव काही असो. ते कुणाला काढता येत नाही."

ते खाली बसले. एवढा रुंद माणूस, गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर कधी न बसणारा, चौरंगाजवळ फरशीवर बसला आणि चष्म्याखालून डोळे पुसत राहिला. विहीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी हसत होते.

त्या तांदळाची खीर करायचं माझ्या मनात होतं. व्याह्यांनी ताटाला हातच लावू दिला नाही. शेवटी मी डब्यातून दुसरे तांदूळ काढले आणि खिरीसाठी दूध तापत ठेवलं.